पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याला पुळणीवर घेऊन जा

व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ बघून घरातलंच कुणी "पृथ्वी सपाट आहे" म्हणू लागलं, तर उपग्रहाचे फोटो दाखवू नका. ते खोटे आहेत हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. कोकणात त्यासाठी समुद्र दारातच आहे.

आधी कागदावर दोघांची भाकितं लिहा. ही पायरी अजिबात गाळू नका. भाकीत लिहिलेलं नसलं की जे दिसेल ते जो तो आपल्या बाजूला ओढतो. प्रश्न नेमका हवा: लांब जाणारी बोट नुसती लहान होईल, की खालून बुडत जाईल?

पाऊस सरून हवा निवळली की रत्नागिरीला भाट्याच्या पुळणीवर दुर्बीण घेऊन उभे राहा. क्षितिजाचं अंतर काढायला डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. उभ्या माणसाला ते पावणेपाचच्या आत भरतं. मग पृथ्वी गोल असेल, तर १० किमीवरच्या ट्रॉलरचा, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीचा, खालचा साधारण दोन मीटर भाग दिसायला नको. दुर्बिणीत नेमकं तेच दिसतं: केबिन आणि डोलकाठी पाण्यावर, खालचा सांगाडा गायब.

"झूम केलं की बोट परत येते," असं तो म्हणेल. लहान झाल्यामुळे न दिसणारी बोट येते, हे मान्य करा. खरंच आहे ते. पण पाण्याआड गेलेला तळ कितीही झूम केला तरी येत नाही. लाटांचं कारण दिलं, तर लाटेची उंची विचारा. सपाट समुद्रावर, डोळा लाटेपेक्षा वर असताना, अर्ध्या मीटरची लाट दोन मीटर झाकू शकत नाही.

खरा निकाल उंचीवर लागतो. एकाने पुळणीवर थांबावं, दुसऱ्याने रत्नदुर्ग किल्ल्यावर चढावं आणि फोनवर बोलत एकच बोट बघावी. ५० मीटरवरून क्षितिज सुमारे २५ किमीवर जातं, त्यामुळे खालच्याला न दिसणारा सांगाडा वरच्याला दिसतो. पाण्यालगतची हवा प्रकाश वाकवते आणि लांबची वस्तू कधी कधी उचललेली दिसते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी बघा, हवा कशी होती तेही लिहा. दुर्बीण सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका.

रात्री दिल्लीतल्या नातेवाइकाला फोन लावा. हात ताठ धरला की मूठ साधारण १० अंशांची. ध्रुवतारा रत्नागिरीत क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर, दिल्लीत जवळपास तीन. उत्तरेकडे दर १११ किमीला तो एक अंश वर चढतो. हा हिशोब सपाट नकाशावर बसवून दाखव, असं पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याला सांगा.