घडीच्या सायकलची चेन पडू नये म्हणून

घडीची सायकल मिटताना किंवा उघडताना चेन पुढच्या चकतीवरून उतरते आणि ऐन घाईत हात काळे होतात. बहुतेकदा दोष बिजागरीचा नसतो, तर पॅडल आड येऊ नये म्हणून आपण ते सहज उलटे फिरवतो, त्याचा असतो.

गिअरची सायकल असल्यास थांबण्यापूर्वी, पॅडल मारत असतानाच, चेन मागच्या मधल्या चक्रावर आणावी. तेथे ती सरळ रेषेत राहते. मिटण्याआधी सीट धरून मागचे चाक जमिनीपासून थोडे उचलावे आणि पॅडल पुढच्या दिशेनेच फिरवून हव्या त्या जागी आणावे. मिटलेली सायकल, विशेषतः लोकलच्या गर्दीत, चेनच्या बाजूवर टेकवू नये.

तरीही चेन उतरलीच, तर सायकल आधी पूर्ण उघडून बिजागरीची कडी लावावी, डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेचा) लोंबता दांडा एका हाताने पुढे ढकलून चेन सैल करावी, ती काडीने किंवा चिंधीने चकतीच्या वरच्या दातांवर बसवावी आणि मागचे चाक उचलून पॅडल सावकाश पुढे फिरवावे. चेन आपोआप जागेवर येते. ती अडकली असेल, तर पॅडलवर उभे राहून जोर लावू नये, कारण त्याने डिरेलर वाकू शकतो.

पॅडल फिरत असताना बोटे चेन आणि दात यांच्यामध्ये मुळीच ठेवू नयेत.