पॅडॉक स्टँड घेण्यापूर्वी गाडीचा स्विंगआर्म पाहावा

स्प्लेंडर किंवा क्लासिक ३५० यांसारख्या गाड्यांना मेन स्टँड मूळचाच असतो, त्यामुळे चेनची सफाई करताना मागचे चाक अधांतरी कसे ठेवावे हा प्रश्न त्यांच्या मालकांना पडत नाही. चाकणला तयार होणारी केटीएमची ड्यूक, बजाजची पल्सर एनएस २०० व डॉमिनार ४००, यामाहाची आर१५ अशा गाड्यांना मात्र केवळ साइड स्टँड मिळतो, आणि मग गाडी वीतभर पुढे ढकलायची, समोर आलेल्या भागाला तेल लावायचे, पुन्हा ढकलायची, असा खटाटोप चालतो. मागचे चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड हा त्यावरचा उपाय आहे. तो घेताना बहुतेक ग्राहक किंमत आणि वजन पेलण्याची क्षमता एवढेच पाहतात. पहिली तपासणी खरे तर आपल्या गाडीच्या स्विंगआर्मची, म्हणजे मागचे चाक ज्या दोन भुजांमध्ये बसवलेले असते त्या भागाची व्हायला हवी, कारण स्टँडचा आधार नेमका तिथेच लागतो.

हा आधार दोन प्रकारे दिला जातो. पहिल्या प्रकारात स्टँडच्या दोन्ही टोकांना रबर चढवलेले एल आकाराचे तुकडे असतात आणि स्विंगआर्म खालून त्यांच्यावर टेकतो. दुसऱ्या प्रकारात टोकांना खाचेचे हुक असतात आणि ते स्विंगआर्मच्या बाजूंना बसवलेल्या स्पूलमध्ये, म्हणजे बोल्टने बसणाऱ्या रिळासारख्या तुकड्यांमध्ये, अडकतात. स्पूलला काही जण बॉबिनही म्हणतात. गाडीला स्पूलसाठी आटे पाडलेली छिद्रे असतील, तर हुकाचाच स्टँड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हुकातून गाडी बाजूला सरकत नाही, स्विंगआर्मचा रंग घासला जात नाही आणि एकट्याने गाडी उचलताना हुक जागेवर बसल्याचे हाताला लगेच कळते. छिद्रे नसतील तर एल आकाराचे तुकडे वापरावे लागतात. एनएस २०० सारख्या गाडीचा चौकोनी, खालून सपाट स्विंगआर्म त्यांच्यावर चांगला टेकतो. परंतु जिथे स्विंगआर्म खालून गोलसर किंवा उतरता आहे, तिथे रबर घसरण्याची शक्यता राहते. डाव्या बाजूच्या तुकड्याची आतली कड चेनच्या खालच्या पट्ट्याला लागत नाही ना, आणि उजवीकडे ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर तुकडा आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये दबत नाही ना, हेही वाकून पाहावे.

स्पूल विकत घेताना आट्यांचे माप चुकले तर मोठे नुकसान होते. प्रचलित मापे ६, ८ आणि १० मिलिमीटरची आहेत. यामाहाच्या गाड्यांना बहुधा ६ मिलिमीटरचे स्पूल लागतात, तर केटीएमच्या ड्यूक आणि आरसी या मालिकांना १० मिलिमीटरचे. दहाच्या मापात आट्यांचे अंतर १.२५ आणि १.५ असे दोन्ही आढळते, म्हणून केवळ जाडी जुळली म्हणून बोल्ट पान्याने आवळू नये. तो आधी बोटांनी फिरवून चार-पाच फेरे सहज आत जातो का, ते पाहावे. ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्ममधले आटे मऊ असतात आणि एकदा गेले की लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे बसवून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यानंतर रुंदी आणि उंची पाहावी. रुंदी कमी-जास्त करता येणारा स्टँडच घ्यावा, म्हणजे पुढे गाडी बदलली तरी तो उपयोगी पडेल. मात्र सरकणारी नळी बोल्टने किंवा पिनेने पक्की होते का आणि आवळल्यावर हलत नाही ना, ते तपासावे. स्टँड पहारेसारखा, तरफेच्या तत्त्वावर चालतो. दांडा खाली दाबला की स्टँड आपल्या छोट्या चाकांवर फिरतो आणि आधाराचा बिंदू वर येत मागे सरकतो. गाडी पूर्ण उचलल्यावर हा बिंदू त्या चाकांच्या मागे, म्हणजे चाके आणि दांड्याचे टेकलेले टोक यांच्या मध्ये आलेला असला पाहिजे, तरच गाडीचे वजन स्टँडला जमिनीवर दाबून धरते. तो बिंदू चाकांच्या बरोबर वर थांबत असेल, तर थोड्या धक्क्यानेही दांडा उसळू शकतो. मागचे चाक जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर सुटले की पुरे. त्याहून उंच उचलण्यात काही लाभ नाही.

क्षमतेच्या आकड्याची फार चिंता करू नये. डॉमिनारचे वजन १९३ किलो आणि आर१५ चे सुमारे १४२ किलो असले, तरी मागच्या स्टँडवर त्याचा साधारण अर्धाच भार येतो. त्यापेक्षा वेल्डिंग सलग आहे का, वाकाच्या जागी पट्टी जोडलेली आहे का आणि चाके चार आहेत की दोन, याकडे लक्ष द्यावे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन करून घेणाऱ्यांनीही हेच पाहावे. फरशीवर कडक नायलॉनची चाके घसरतात आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकतात, म्हणून रुंद चाकांचा स्टँड बरा.

२०२५ च्या मॉडेलपूर्वीच्या डुकाटी पानिगाले व्ही४ सारख्या एकाच भुजेच्या गाड्यांना यातले काहीच लागू होत नाही. त्यांच्यासाठी चाकाच्या पोकळ ॲक्सलमध्ये पिन घालून उचलणारा वेगळा स्टँड मिळतो, आणि पिनेचे माप गाडीगणिक बदलते.

गाडी चढवताना जमीन सपाट असावी, हँडल सरळ असावे, गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि साइड स्टँड पूर्ण बाहेरच ठेवावा. डाव्या हाताने मागची पकड धरून गाडी सरळ करावी, दोन्ही हुक बसल्याची खात्री करावी आणि मगच उजव्या हाताने दांडा एका दमात खाली दाबावा. चढल्यावर पुढचा ब्रेक रबराने बांधून टाकावा. उतरवण्यापूर्वी तो सोडावा आणि पहिला गिअर टाकावा, म्हणजे चाक टेकताच गाडी पुढे सरकून साइड स्टँडवरून निसटणार नाही. चेन साफ करताना इंजिन चालू करून चाक कधीही फिरवू नये. चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे तिचे दातेरी चक्र, यांच्या मध्ये सापडलेले बोट तुटते. चाक हातानेच फिरवावे.

चेनचा ढिलेपणा मोजताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. मेन स्टँड चासीला उचलतो, त्यामुळे मागचे सस्पेन्शन मोकळे लोंबते. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मला उचलतो, त्यामुळे सस्पेन्शनवर गाडीचा भार कायम राहतो. स्विंगआर्मचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो, म्हणून माहितीपुस्तिकेत ढिलेपणा साइड स्टँडवर मोजायला सांगितला असेल, तर गाडी खाली उतरवून तसाच मोजावा आणि पॅडॉक स्टँडचा उपयोग फक्त ॲक्सलचा नट सैल करून ॲडजस्टर फिरवण्यापुरता करावा. याच कारणाने मागचा शॉकॲब्झॉर्बर किंवा स्विंगआर्म काढायचा असेल, तर पॅडॉक स्टँडचा उपयोग होत नाही. त्यासाठी गाडी चासीखालून जॅकने उचलावी लागते.