दिव्यांग निधी कशावर खर्च होणार हे आपणच कसं ठरवायचं (ग्रामपंचायतीच्या गावात राहणाऱ्या दिव्यांगांसाठी)

मागे आमच्या गावात दिव्यांग निधीतून सगळ्यांना सरसकट स्टीलचे डबे वाटले. आमच्यातल्या एकाला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पांढरी काठी मोडलेली, तारेने बांधून वापरतोय, आणि त्याच्या हातात डबा देऊन फोटो! विचारलं कुणीच नव्हतं. मग पुढच्या खेपेला आम्ही काय केलं ते सांगतो.

आधी आकडा काढा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, गाळेभाडं वगैरे, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, आधी 3 टक्के होते. स्वउत्पन्न 4 लाख तर निधी 20 हजार, एवढं साधं गणित. तोंडी विचारलं की "निधीच नाही ओ" ठरलेलं, त्यामुळे सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागच्या 3 वर्षांचं स्वउत्पन्न आणि दिव्यांग निधीचा खर्च लाभार्थी यादीसकट, बस, जास्त फाटे फोडू नका. पोच घ्या शिक्क्यासकट, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

तोवर घरोघरी फिरा. कुणाचं 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) राहिलंय तेही कळतं. पण फक्त घरच्यांशी बोलून उठू नका हां. एका घरी आई म्हणत होती हिला व्हीलचेअर द्या, आणि पोरगी, जिला नीट बोलता येत नाही, ती सारखी न्हाणीकडे बोट दाखवत होती. जाऊन बघितलं तर आत धरायला काहीच नाही, दोनदा पडलीय बिचारी. तिला भिंतीला एक दांडा पाहिजे होता, व्हीलचेअर त्या उंबऱ्यावरून गेलीही नसती.

मग कुणाला काय पाहिजे याची यादी करून ग्रामसभेच्या आधीच लेखी द्या, विषयपत्रिकेत घ्या म्हणून. सभा वरच्या मजल्यावर असेल तर खाली घ्या हेही त्याच अर्जात लिहा, आयत्या वेळी उचलून न्यायला चार पोरं येतात आणि आपली अर्धी हिंमत जिन्यातच जाते.

सभेत सूचक-अनुमोदक आपलेच ठेवा आणि ठराव प्रोसिडिंगला (सभेच्या नोंदवहीत) लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायला लावा, कोऱ्या पानावर सही-अंगठा अजिबात नाही. आमच्या वेळी "पांढरी काठी, न्हाणीत दांडा" याच्या जागी नुसतं "साहित्य वाटप" लिहिलं होतं. तिथंच बसून खोडून परत लिहून घेतलं, मगच सह्या केल्या.