वारली लग्नचौकाची नोंद करताना

पालघर जिल्ह्यातील वारली लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढले जाणारे विधीचित्र, नोंदवायचा असेल, तर कॅमेरा बाहेर काढण्याआधी घरच्या मंडळींची, चौक लिहिणाऱ्या सवासिनींची आणि धवलेरीची, म्हणजे गाणी म्हणत लग्नविधी करणाऱ्या स्त्रीची, परवानगी घ्यावी. काय चित्रित करायचे नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. तयार चित्राचा नुसता फोटो अपुरा ठरतो. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर चौकातील पालघट देवी उमटत असताना धवलेरी जी गाणी म्हणते, ती सलग ध्वनिमुद्रित करावीत आणि माइक तिच्या जवळच ठेवावा, कारण लग्नघरात गलका असायचाच. गाणी गावातील जाणत्या तरुणांच्या सोबतीने वारली बोलीतच उतरवावीत, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत. मसुदा धवलेरीला वाचून दाखवावा, तिची संमती असल्यास सहलेखिका म्हणून तिचे नाव छापावे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावात ठेवावी.