मजकूर म्हणून साठवलेल्या तारखा सुरक्षितपणे बदलताना

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील जुन्या टेबलात तारीख ‘०५/०३/२०२४’ अशी मजकुराच्या रकान्यात साठवलेली असेल, तर क्रम लावताना ती ‘१२/०१/२०२३’च्या आधी येते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. अशा वेळी मूळ रकान्याचा प्रकार थेट बदलू नये.

१. टेबलाची प्रत काढून ‘डेट’ प्रकारचा नवा, रिकामा रकाना जोडावा.

२. मजकुराची तारीख करणारे ‘स्ट्र-टू-डेट’ (STR_TO_DATE) हे फंक्शन, दिवस-महिना-वर्ष असा साचा देऊन, आधी केवळ सिलेक्टमध्ये (माहिती न बदलता फक्त दाखवणाऱ्या आदेशात) चालवावे आणि ज्या ओळींत मूळ मजकूर असूनही उत्तर नल (म्हणजे मूल्यच नाही) येते, त्या वेगळ्या काढाव्यात. ‘०३/१३/२०२४’सारखी, महिना आधी लिहिलेली नोंद येथेच सापडते, अपडेट (माहिती बदलणारा आदेश) चालवल्यावर ती सापडली, तर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे चुकीचे मूल्य नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये, काम मध्येच अडते.

३. त्या ओळी हाताने दुरुस्त करून मग अपडेट चालवावे. दिवस-महिना-वर्ष असा क्रम दाखवायचा असल्यास तो ‘डेट-फॉरमॅट’ने दाखवतानाच द्यावा, साठवण वर्ष-महिना-दिवस अशीच राहू द्यावी.

‘स्ट्र-टू-डेट’ला दिलेल्या साच्यात वर्षासाठी मोठ्या लिपीतील वाय (%Y) वापरावा. छोटा वाय दोनच अंक वाचतो आणि २०२४चे २०२० करून ठेवतो. सिलेक्टमध्ये तो फक्त इशारा देतो, जो सहसा कोणी वाचत नाही.

मात्र ‘०५/०३’ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हे कोणतेही फंक्शन सांगू शकत नाही. एकाच रकान्यात दोन्ही पद्धतींच्या नोंदी असण्याची शंका असेल, तर मूळ कागद पाहिल्याशिवाय जुना रकाना पुसू नये.