कचरा वेगळा कसा करावा? दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा

पुण्यात आमच्याकडे कचरा न्यायला रोज सकाळी एक ताई येतात. एकदा त्या जिन्यात बसून पिशवीत हात घालून भाजीची देठं आणि वर्तमानपत्र वेगळं करत होत्या. आमटीनं भिजलेलं वर्तमानपत्र त्यांना टाकूनच द्यावं लागलं. कोरडं असतं तर ते रद्दीत गेलं असतं, त्यांना चार पैसे मिळाले असते आणि कागद पुन्हा गिरणीत पोहोचला असता. तो वाया गेला तो आमच्या ओट्यावर, एका क्षणात.

म्हणून पहिलं काम ओट्याखालचं. तिथे दोन डबे ठेवा, एक ओल्याचा आणि एक सुक्याचा. औषधं, बॅटरी, बल्ब, रंगाचे डबे यांची पिशवी तिसरी, कारण २०१६च्या घनकचरा नियमांतही घरचा घातक कचरा वेगळाच ठेवायला सांगितलं होतं. ओल्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, तळाला कागद पुरतो.

आता दुधाची पिशवी. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, जरासा चिकटलेला राहू द्या. तो इवलासा तुकडा भाजीच्या देठांत पडला की कुणाच्याच हाती लागत नाही आणि शेवटी खतातून मातीत जातो. पिशवी रिकामी झाली की वरून उघडा, उलटी करा, भांडी विसळलेल्या पाण्यात खळबळून चिमट्यानं वाळत घाला. न धुतलेल्या पिशवीला दोन दिवसांत असा आंबट वास सुटतो की ती हातात धरवत नाही. धुतलेल्या पिशव्या साठवून द्या, भंगारात त्या किलोवर जातात.

बाटल्या, डबे, पुठ्ठा यांनाही हाच नियम: रिकामं, विसळलेलं, कोरडं. ॲल्युमिनियमचे डबे तर अजिबात टाकू नका. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा जुना धातू वितळवला की वाचते.

फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून आत काय आहे ते वर ठळक लिहा. सॅनिटरी पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचकांनी ही खूण रुजवली, कारण उघडी पुडकी त्यांच्याच हाताला लागत होती. त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून काम करते आहे. २००८ मध्ये तिच्यातूनच घरोघरचा कचरा उचलणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. सुका माल विकून आलेले पैसे या कष्टकऱ्यांचेच, तेव्हा आपण कागद कोरडा ठेवतो तो त्यांच्या कमाईसाठीही.

ओल्याचं खत घरीच करा. जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूनं भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या घाला, मग थर द्या: भाजीचा कचरा, वर त्याच्या दुप्पट वाळका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडा. वास आला तर ओल जास्त झाली आहे, पाला वाढवा आणि ढवळा. साधारण दोन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारं खत तयार होतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, पाणी खराब झाल्याच्या तक्रारी केल्या, आंदोलनं केली. आपल्या घरचा ओला कचरा घरातच जिरला तर तेवढा भार कुणाच्याच शिवारावर पडत नाही.

वर्कशॉप किंवा कारखाना असेल तर हेच मोठ्या मापानं करायचं. लेथखालचा लोखंडाचा, स्टीलचा आणि ॲल्युमिनियमचा कीस तीन पिंपांत ठेवा, एकत्र झाला की भाव पडतो. टाकाऊचंही मोल असतं हे साखर कारखान्यांनी केव्हाच ओळखलं आहे: उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळते. औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राखही कोरडी गोळा केली तर सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते.

आज संध्याकाळी दूध तापवाल, तेव्हा कात्री जपून चालवा.