डोंगरात रमलेल्या वडिलांची आठवण कशी लिहावी

अण्णा गेले तेव्हा ८८ वर्षांचे होते. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केली आणि सुटी मिळाली की त्र्यंबकची नाहीतर बागलाणातली वाट धरली. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. मी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'ते प्रेमळ, शिस्तप्रिय आणि निसर्गप्रेमी होते.' आईने वाचलं आणि म्हणाली, "हे कुणाच्याही वडिलांना चालेल गं." ते पान मी फाडलं. पुढच्या दहा महिन्यांत जे हाती लागलं ते इथे मांडते. तुमच्याही घरात असा कुणी असेल तर उपयोगी पडेल.

सर्वांत आधी सामान. तेराव्यापर्यंत घरातली एकही वस्तू बाहेर जाऊ देऊ नका. आवराआवरीत अण्णांची जुनी सॅक मीच भंगारवाल्याला दिली. तिच्या बाजूच्या कप्प्यात त्यांची १९८१ ते १९८५ ची वही होती, हे महिन्याने लक्षात आलं. तोवर ती गेली होती. तेव्हा प्रत्येक खिसा उलटा करा, कोटाचं अस्तरही चाचपून बघा. एसटीची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, पाठकोऱ्या कागदावर काढलेले वाटेचे नकाशे, सगळं एका खोक्यात ठेवा. वर्गवारी नंतर होते.

मग माणसं. भेटायला येणाऱ्यांना "अण्णा कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस होता" एवढंच उत्तर येतं, आणि ते मनापासून असलं तरी त्यातून लिहायला काही मिळत नाही. त्याऐवजी विचारा: शेवटचं बरोबर कुठे गेला होतात? डब्यात काय होतं? वाट कुठे चुकली? कशावरून चिडले? परवानगी घेऊन फोनवर आवाज मुद्रित करा आणि त्याच रात्री फाइलला नाव-तारीख द्या. प्रेसमधल्या त्यांच्या एका सोबत्याने सांगितलं की साल्हेरवर मुक्काम असताना अण्णा पहाटे एकटेच उठून टाक्यातलं पाणी गाळून सगळ्यांच्या बाटल्या भरायचे. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तिथल्या पहाटेच्या गारठ्यात हा माणूस फडक्याने पाणी गाळत बसायचा. आम्हाला घरात कुणाला हे माहीत नव्हतं.

सालं कुणाला धड आठवत नाहीत. इथे नाशिककरांना एक सोय आहे: सिंहस्थ कुंभमेळा. १९८०, २००३, २०१५. "सिंहस्थाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की ऐंशीच्या घरातले काकाही क्षणात सांगतात. १९७२ चा दुष्काळ आणि २००८ चा गोदावरीचा पूर याही पक्क्या खुणा आहेत. फोटोच्या मागे साल नसेल तर त्यात कुठलं भावंड कडेवर आहे ते बघा.

लिहिताना नावं घ्या, हे मी अण्णांकडूनच शिकले, पण फार उशिरा. लहानपणी ते आम्हाला पांडवलेण्यावर नेत तेव्हा तिसऱ्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखासमोर थांबवत. तो लेख गौतमी बलश्रीचा. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर त्या आईने तो कोरवून घेतला, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. त्यात मुलाच्या मुलखांची नावं आहेत आणि डोंगरांचीही: विंध्य, पारियात्र, सह्य, कण्हगिरी, मलय, महेंद्र. तो आईची अखंड सेवा करणारा होता, हेही तिने नोंदवलं आहे. अण्णा म्हणायचे, "बघ, लेकाचे डोंगर तिने एकेक मोजून सांगितलेत." म्हणून आमच्या पुस्तिकेत 'अनेक किल्ले' हे शब्द कुठेही नाहीत. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज, धोडप, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, अंकाई-टंकाई आणि अण्णा तिथे कुणाबरोबर गेले, असं लिहिलं आहे.

डोंगर आणि घर अशी वेगळी प्रकरणं मात्र पाडू नका. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला हरिहरला नेलं. त्या कोरीव पायऱ्या चढताना भीती वाटली नाही, उतरताना खाली बघितलं आणि हातपाय गळाले. अण्णा माझ्या खाली दोन पायऱ्या होते. एका हाताने खोबणी धरून दुसऱ्या हाताने ते माझं पाऊल पकडून पायरीवर ठेवत होते. डावं. उजवं. डावं. बोलले काहीच नाहीत, कारण उतरताना गप्पा नाहीत हा त्यांचा नियम होता. बाप म्हणून ते कसे होते ते मी एवढ्यातच लिहिलं आहे. आईचं पान मात्र तिच्याच शब्दांत घ्या. किती रविवार ती घरी एकटी होती, हेही त्यात आलं. ते मी कापलं नाही.

नातेवाईक सुचवतील की गडावर त्यांच्या नावाची पाटी लावू, नाहीतर अंजनेरीच्या पठारावर झाडं लावू. दोन्ही टाळा. कातळाला रंग लावणारे अण्णांना सहन होत नसत. आणि अंजनेरीचा माथा उजाड दिसतो तो पावसाळ्याआधी. तिथल्या पातळ मातीत गवताबरोबर सेरोपेजिया अंजनेरिकासारखी दुर्मीळ कंदीलपुष्पं उगवतात. मोठ्या झाडांच्या सावलीत ती कशी टिकणार? अस्थी रामकुंडावर द्या. गडावर जायचं तर फक्त जाऊन या.

छपाईबद्दल थोडकंच सांगते. अक्षर मोठं ठेवा, कारण वाचणारे निम्मे सत्तरीपुढचे असतात. मागे चार पानं कोरी सोडा आणि प्रती केवळ नातेवाइकांत वाटू नका, पायथ्याच्या गावांतही नेऊन द्या.

आम्ही हरिहरच्या पायथ्याच्या हर्षेवाडीत एका घरी प्रत दिली होती. दिवाळीनंतर त्या घरच्या नातवाने कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर त्याने आजोबांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं: 'सिंहस्थानंतर तिसऱ्या पावसाळ्यात तुमचे वडील आमच्या पडवीत दोन रात्री होते. गडावर जाता आलं नाही. आमच्या म्हशीला रेडकू झालं तेव्हा कंदील धरून उभे होते.'

म्हणजे १९८३. हरवलेल्या वहीतलं साल.